ताईच्या मापाची लिफ्ट

लिफ्टच्या केबिनच्या टपावर बसून झोपू नये, हे कुणाला सांगावं लागत नाही. मिस्त्रीलाही चौतीस वर्षांत तिथे एकदासुद्धा डुलकी लागली नव्हती. पण टपावर मांडी घालून, बटण दाबून धरून, मुंगीच्या पावलांनी शाफ्टमधून वर सरकताना त्याचे डोळे उघडे असले तरी तो स्वतः तिथे नसायचा. शाफ्टमध्ये दिवस असा नसतोच. वर एक झरोका, खाली खड्ड्यात एक दिवा, आणि मधल्या अंधारात प्रत्येक मजल्याचे आवाज भिंतीतून पाझरत येतात. कुणाच्या नळाचं पाणी, कुणाचं अर्धवट भांडण, गाणं शिकणारी एक मुलगी आणि तिचा तो नेमका निसटणारा सूर. मिस्त्रीला वाटायचं, इमारत झोपेत बडबडते आहे आणि आपण तिच्या गळ्यातून हळूहळू वर चाललो आहोत. एकदा त्याने हे कामावरच्या जोडीदाराला सांगितलं. जोडीदार म्हणाला, "मिस्त्री, चहा घ्या."

या वेळची इमारत मात्र परकी नव्हती. हिच्याच चौथ्या मजल्यावर तो त्याच्या ताईबरोबर राहत होता. वडील लवकर गेले, आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ताई पंधराची. ताईला तिसऱ्या वर्षी ताप आला होता. त्या तापाने तिच्या दोन्ही पायांतलं बळ नेलं आणि जाता जाता डाव्या हातातलंही नेलं. उरलेल्या एका हाताने तिने घर चालवलं, धाकट्या भावाला वाढवलं, त्याचे कानही त्याच हाताने पिळले. मिस्त्री हे नाव जगाने ठेवलं. ताई त्याला धाकट्या म्हणायची, आणि तो चोपन्न वर्षांचा झाला तरी तिने त्याला बढती दिली नव्हती.

तो लिफ्टच्या धंद्यात शिरला तो ताईमुळेच. इमारतीतली जुनी लिफ्ट जाळीच्या दाराची होती, आणि ताईची चाकाची खुर्ची त्या दारापेक्षा दोन बोटं रुंद. सतरा वर्षांच्या पोराने ठरवलं की आपण हे काम शिकायचं आणि एक दिवस हिच्या मापाची लिफ्ट बसवायची. काम तो शिकला. दवाखान्यांत, कचेऱ्यांत, कुठे कुठे त्याने खाटा मावतील एवढ्या लिफ्टा बसवल्या. घरची तेवढी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाहेर जायचं म्हटलं की तो ताईला पाठीवर घ्यायचा आणि, लिफ्टची जाळी ओढायला हात मोकळा नसल्याने, जिना उतरायचा. बहात्तर पायऱ्या. तिचा उजवा हात त्याच्या गळ्यात असायचा, डावा तो आपल्या मुठीत धरून ठेवायचा. खाली कट्ट्यावर तिला टेकवायचं, वर येऊन खुर्ची न्यायची. डॉक्टर, बँक, मतदान, चष्म्याचं दुकान. काम निघालं की ताई म्हणायची, "धाकट्या, पाठ आहे का रे रिकामी?"

त्याला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. ताई पाठीवर आहे, तो उतरतो आहे, भिंतीवरचे मजल्यांचे आकडे पुसले गेलेत आणि जिना संपत नाही. कुणालाही भीती वाटावी असं स्वप्न, पण त्याला वाटायची नाही. ताई उशीएवढी हलकी असायची, तिचा श्वास मानेवर लागायचा, आणि कुठे पोचायची घाई नसायची. जाग आली की त्याला वाईट वाटायचं. जिना संपला याचं वाईट वाटायचं, आणि हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. चहा घ्या म्हणणाऱ्यालाही नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. जुनी लिफ्ट तपासनिसाने कायमची बंद करून टाकली, आणि ताईला नोकरी लागली. ती वीस वर्षं घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची. कागद मिस्त्री आणायचा, तोच पोचवायचा. तिच्या लाल पेनाला अख्खा छापखाना टरकून असे. आता तिथले म्हातारे तपासनीस थकले, आणि मालकाने ताईला बोलावलं. रोज दहा ते पाच, स्वतःचं टेबल, छापखाना दोन गल्ल्या पलीकडे, तोही तळमजल्यावर. ताईने साठवलेल्या पैशांतून मोटारीची खुर्ची घेतली. उजव्या हाताखाली एक दांडी, ती ढकलाल तिकडे खुर्ची जाते. वजन दोन धट्ट्याकट्ट्या माणसांएवढं. ती पाठीवर नेण्याचा प्रश्नच नव्हता.

"मला सोडायला येऊ नकोस," ताईने सांगून टाकलं.

"मग कोण येणार?"

"कुणी नाही. मी जाईन."

"एकटी?"

"छापखान्यात आठ माणसं आहेत."

"आणि मध्ये लिफ्ट आहे."

"म्हणून तर तुला सांगतेय," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

नवी लिफ्ट बसवायचं काम मिस्त्रीच्या कंपनीला मिळालं, पण इमारतीच्या सभेत त्याच्या नाकी नऊ आले. अध्यक्ष वेळापत्रकांच्या खात्यातून निवृत्त झालेले होते आणि प्रत्येक गोष्टीला घड्याळ लावत. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांचा काटा सरकताना आवाज व्हायचा. दार इतका वेळ उघडं कशाला? दिवसाला पन्नास फेऱ्या, फेरीमागे सहा सेकंद, म्हणजे पाच मिनिटं वाया. मजला बोलून सांगणारा आवाज कशाला, आम्हाला आकडे वाचता येतात. आणि मागच्या भिंतीला आरसा? लोक केस विंचरत बसतील.

मिस्त्री एरवी फार बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला. "साहेब, खुर्ची आत सरळ जाते, पण आत तिला वळायला जागा नाही. बाहेर येताना उलटं यावं लागतं. मागचं दिसायला पाठीला डोळे नसतात. तो आरसा म्हणजे ते डोळे. तुम्ही त्यात केस विंचरा, माझी हरकत नाही."

अध्यक्षांच्या डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं काही नव्हतं. सभेत खसखस पिकली आणि आरसा मंजूर झाला, त्यामागोमाग बाकीचंही. पण अध्यक्षांनी शेवटी आपलं एक कलम घातलंच. जुन्या लिफ्टमध्ये एक पाटी होती: अपंग व्यक्तींनी सोबत माणूस असल्याशिवाय लिफ्ट वापरू नये. ती नव्या लिफ्टमध्येही लागणार. ताईने सर्वांसमक्ष एकटीने चढून-उतरून दाखवलं, तर नाही लागणार. उद्या काही झालं तर जबाबदार कोण, असं ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच काळजी वाटत होती.

ताईने ती पाटी मागवून घेतली, मांडीवर ठेवून दोनदा वाचली आणि परत केली. "शुद्धलेखनाची एकही चूक नाही," ती म्हणाली. "नाहीतर खोडून टाकली असती."

सात आठवडे मिस्त्री त्या शाफ्टमध्ये होता. इतक्या वर्षांत हात इतका जपून चालला नव्हता. केबिन थांबली की तिची जमीन मजल्याच्या जमिनीशी मिळायला हवी. काडेपेटीतली काडी आडवी ठेवायची, तिच्या जाडीपेक्षा जास्त फरक चालणार नाही, कारण पुढची छोटी चाकं तेवढ्यानेही अडतात. दाराच्या दोन्ही कडांना त्याने सेन्सर बसवले. त्यांचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण मध्ये बोट जरी आलं तरी दार मिटत नाही. वीज गेली तर केबिन बॅटरीवर जवळच्या मजल्याला जाऊन दार उघडणार. बटणं खाली, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीला, आकड्यांशेजारी हाताला लागणारे ठिपके. जुन्या वायरांची वाट शाफ्टच्या डाव्या अंगाने होती, म्हणून पॅनल केबिनच्या डाव्या भिंतीवर आलं. संपल्यावर तो स्वतः ताईच्या खुर्चीत बसला आणि तीस वेळा वर-खाली गेला. डोळे मिटून गेला, दिवा घालवून गेला. आत शिरायचं, डावा हात उचलायचा, बटण दाबायचं, आरशात बघत उलटं बाहेर यायचं. तिसाव्या फेरीला त्याला असं वाटलं की लिफ्ट चालतच नाहीये, इमारतच अलगद खाली-वर होते आहे आणि आपण जागच्या जागी तरंगतोय. तो इतका सुखावला की दोन मजले उगाच बसून राहिला.

रविवारी सकाळी चौथ्या मजल्यावर माणसं जमली. अध्यक्ष घड्याळ घेऊन, गाणारी मुलगी, शेजारचे झाडून सगळे. ताईने इस्त्रीचे कपडे घातले होते. तिने दांडी ढकलली, खुर्ची उंबऱ्यावरून अशी गेली की चाकांना कळलंही नसेल. दार मिटलं.

आणि काहीच झालं नाही.

वरचा आकडा चारवरच राहिला. अर्धं मिनिट गेलं, मग एक. घोडं कुठे पेंड खातंय ते मिस्त्रीला समजेना. त्याने मनातल्या मनात सगळ्या वायरा चाचपल्या. शेवटी त्याने बाहेरचं बटण दाबलं. दार उघडलं. ताई पाठमोरी बसली होती, आणि आरशातून शांतपणे त्याच्याकडे पाहत होती.

"काय झालं?"

"बटणं डावीकडे आहेत, धाकट्या."

"हो. मग?" तो म्हणाला.

त्याने 'मग' म्हटलं, आणि तो शब्द तोंडातून सुटेपर्यंत त्याला कळलं. धोक्याची घंटासुद्धा त्याच भिंतीवर होती. ताईचा डावा हात तिच्या मांडीवर होता, जिथे तो गेली पंचावन्न वर्षं होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याने कळसा रोज मुठीत धरला होता आणि तरी विसरला होता. घरी जेवताना, औषध घेताना, पानं उलटताना तो तिच्या डाव्या बाजूला बसायचा. तिला काही हवं आहे हे तिला कळायच्या आत त्याचा हात पुढे जायचा. इतक्या वर्षांत ताईला डावा हात नाही असं त्याला कधी दिसलंच नव्हतं, कारण तिथे तो स्वतः होता.

"ओरडायचं तरी," तो कसाबसा म्हणाला.

"ओरडणार होते. पण म्हटलं, तुला किती वेळ लागतो बघू." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "तुझी चूक नाही रे. डावीकडे नेहमी तूच असतोस."

तिला त्याला दुखवायचं नव्हतं. पण मिस्त्रीला त्या वाक्याने जेवढं दुखलं तेवढं आयुष्यात कशानेच दुखलं नव्हतं.

अध्यक्ष लगबगीने पुढे आले. "अहो, सोपं आहे. उलट्या आत जा. म्हणजे बटणं उजव्या हाताला येतील. प्रश्न मिटला."

"जमेल," ताई म्हणाली. "पण लोकांच्या सोयीने वळण्यात माझं आयुष्य गेलंय. ही लिफ्ट माझ्या सोयीची होणार होती."

 अध्यक्षांनी खिशातून पाटी काढली आणि आरशाच्या वरती टेपने चिकटवली. निदान पुढच्या रविवारपर्यंत, असं ते जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हणाले. सोमवारी, आठ दिवसांनी, ताईला कामावर हजर व्हायचं होतं.

मिस्त्रीने दोन दिवस ताईकडे नीट पाहिलं नाही. जेवायला बसला की डावीकडे बसू का उजवीकडे हेच त्याला कळेना. तिसऱ्या दिवशी तिनेच त्याला हाक मारली. "रुसायचं असेल तर लिफ्ट झाल्यावर रुस."

मग तो तिला केबिनमध्ये घेऊन गेला. उजव्या भिंतीशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "हात उचल. ताणू नकोस. जिथे आपोआप पोचतो तिथेच ठेव." ताईचं बोट जिथे टेकलं तिथे त्याने पेन्सिलने खूण केली. मग घंटेसाठी, मग दार उघडं ठेवायच्या बटणासाठी. एका ठिकाणी ती म्हणाली, "अंगठ्याने दाबता आलं तर बरं," आणि त्याने खूण दोन बोटं खाली आणली. चौतीस वर्षांत त्याने हजारो बटणं बसवली होती, पण ज्याचं बोट लागणार त्याला विचारून बसवलेली ही पहिलीच. वायर केबिनच्या पोटाखालून फिरवून उजवीकडे आणायला शनिवार उजाडला. डावीकडची बटणंही त्याने राहू दिली, कारण उजवा हात नसलेलंही कुणीतरी कधीतरी येईलच.

या खेपेला ताईने गर्दी नको म्हणून सांगितलं होतं. रविवारची दुपार होती, दोन वाजलेले. इमारत जेवून पेंगत होती. जिन्याच्या खिडकीतून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं आणि त्यात धुळीचे कण कुठेही जायचं नसल्यासारखे फिरत होते. अध्यक्ष तळमजल्यावर खुर्ची टाकून, घड्याळ हातात घेऊन बसले होते. चौथ्यावर फक्त मिस्त्री.

ताई आत गेली. दार मिटायला लागलं, अर्ध्यावर आलं आणि परत उघडलं. पुन्हा मिटायला लागलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदाही तेच.  सेन्सर त्याने स्वतः बसवले होते, पाच वेळा पुसले होते. तो वाकून दाराची कड बघायला लागला.

"धाकट्या," ताई आरशातून म्हणाली. "हात."

त्याने पाहिलं. त्याचा हात तिच्या खुर्चीच्या डाव्या मुठीवर होता. उंबऱ्यापलीकडे, नेमका किरणांच्या मध्ये. तो कधी गेला होता आणि किती वेळ तिथे होता, त्याला ठाऊक नव्हतं. दार आपलं काम चोख करत होतं. माणसाचा हात मध्ये असताना मिटायचं नाही, हे त्यानेच त्याला शिकवलं होतं.

ताई घाई करत नव्हती. आरशात तिचा चेहरा आणि त्याचा चेहरा एकावर एक दिसत होते.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"मलाही वाटते. काढ."

त्याने हात काढला. दार मिटलं, या वेळी शेवटपर्यंत.

तो वरचा आकडा बघत राहिला. आता तीन येणार. आला पाच. त्याला वाटलं डोळे फसवतायत. मग सहा. मग सात, आणि तिथे थांबला. सातव्यावर घरं नाहीत, फक्त गच्ची आहे. चुकीचं बटण लागलं असणार. तो तीन-तीन पायऱ्या टाकत वर धावला आणि जिन्याच्या वळणावर एकाएकी उभा राहिला. ती बटणं तिच्या बोटाला विचारून बसवली होती. चूक होणार नव्हती. गच्चीच्या दाराला इंचभर उंबरा आहे, हे त्याला आठवलं, आणि नवी खुर्ची तेवढा उंबरा चढते हेही आठवलं. तो पायरीवर बसला. पायऱ्या उन्हाने कोमट झाल्या होत्या. वरून कसलाच आवाज येत नव्हता. कुठे चाललो होतो, कशाला धावलो, काही क्षण त्याला काहीच आठवेना, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता ताईची वाट बघत बसला.

खालून अध्यक्षांचा आवाज आला, "मिस्त्री, बारा मिनिटं झाली हो." तो बसूनच राहिला.

मग लिफ्ट हलली. तो उठून पुन्हा चौथ्यावर आला आणि दारासमोर उभा राहिला. सहा. पाच. चार आला, आणि दारातल्या काचेच्या पट्टीतून उजेडाची एक रेघ वरून खाली गेली. लिफ्ट थांबली नाही. तीन. दोन. तळमजल्यावर दार उघडल्याचं लिफ्टच्या आवाजाने सांगितलं, आणि जिन्याच्या पोकळीतून बोलणं स्पष्ट वर आलं.

"अहो, होतात कुठे तुम्ही?"

"गच्चीवर."

"गच्चीवर? काय काम होतं?"

"काही नाही," ताई म्हणाली. "काहीच काम नव्हतं."

मिस्त्रीने कठडा धरला. सदतीस वर्षं त्याने तिला पाठीवर नेलं होतं. डॉक्टर, बँक, मतदान, चष्म्याचं दुकान. ती एकदाही गच्चीवर ने म्हणाली नव्हती. कामाशिवाय तिने त्याची पाठ कधी मागितलीच नव्हती, आणि तिला कामाशिवायही कुठे जावंसं वाटत असेल हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्याला रडू आलं. आनंद झाला म्हणून आलं, लाज वाटली म्हणून आलं, आणि एकटं वाटलं म्हणूनही आलं. त्याने ते पुसलं नाही, बघायला होतंच कोण.

खाली टेप ओढून काढल्याचा चर्रर्र आवाज झाला. मग अध्यक्ष काहीतरी म्हणाले आणि ताई हसली.

तो जिन्याच्या खिडकीशी गेला. अंगणातून खुर्ची चालली होती, सावकाश, मधोमध. फाटकाशी ती थांबली, एक गाडी जाऊ दिली आणि रस्त्याला लागली. तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं नाही. तिला पाहायचं काही कारणच नव्हतं.